ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर हॉर्नचं बटण: वायरिंग मुळापासून

उसाचा हंगाम लागला की यवत-चौफुल्यापासून पुढे पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्रभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. यातल्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांवर स्टेअरिंगच्या मधलं बटण नुसतं शोभेला उरलेलं असतं. हॉर्नसाठी डॅशबोर्डला घराच्या दारावरच्या बेलचं बटण स्क्रूने ठोकलेलं असतं, नाहीतर दोन वायरी बाहेर काढून ठेवलेल्या असतात आणि वेळ आली की ड्रायव्हर त्या एकमेकींना टेकवतो. बेलचं बटण महिना-दोन महिने चालतं, मग आतली पत्ती जळते. दिवेघाटात ट्रॉली घेऊन उतरताना एक हात डॅशबोर्ड चाचपडत असेल तर ते कुणाच्याच हिताचं नाही.

काम अवघड नाही. अर्ध्या दिवसाचं आहे. पण एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी, कारण ती न समजता वायरी जोडणारे वायरमनही पाहिले आहेत: स्टेअरिंगवरचं बटण हॉर्नला करंट देत नाही. ते फक्त अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जाणारी वाट, जोडतं. हॉर्नच्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच अर्थिंगच्या वाटेत सापडतं.

बटणाच्या आत काय चालतं

आजच्या ट्रॅक्टरला १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तिची निगेटिव्ह बाजू चेसिसला बोल्टने आवळलेली असते. म्हणजे ट्रॅक्टरचं सगळं लोखंड ही निगेटिव्ह वायरच. स्टेअरिंगचा शाफ्टही त्या लोखंडाला चिकटलेला. बटणाखाली एक स्प्रिंग असते. वर एक पितळी पत्ती, बाकी लोखंडापासून प्लास्टिकने किंवा फायबरने वेगळी ठेवलेली. बटण दाबलं की पत्ती स्टेअरिंगच्या हबला, म्हणजे मधल्या लोखंडी भागाला, टेकते आणि तिला जोडलेल्या वायरला अर्थिंग मिळतं. सोडलं की स्प्रिंग तिला वर ढकलते.

आता अडचण अशी की स्टेअरिंग फिरतं आणि वायर फिरू शकत नाही. त्यासाठी हबच्या खालच्या बाजूला पितळेची गोल रिंग असते आणि कॉलमवर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, स्प्रिंगने दाबलेला कार्बनचा किंवा पितळेचा ब्रश असतो. स्टेअरिंग फिरताना रिंग ब्रशवर घासत राहते, जोड तुटत नाही. काही जुन्या रचनांमध्ये रिंग नसते. शाफ्ट पोकळ असतो आणि वायर त्यातून खालून वर येते. तुमच्याकडे कोणती रचना आहे हे स्टेअरिंग काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून सामान आणायला धावण्याआधी एकदा उघडून बघा.

फार जुना ट्रॅक्टर असेल तर बॅटरीकडे नीट पाहा. एखाद्या जुन्या गाडीत पॉझिटिव्ह बाजू चेसिसला असते. साधा हॉर्न आणि साधा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांना दिशेचं सोयरसुतक नसतं, पण आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेला असतं.

रिले का लागतोच

साधा डिस्क हॉर्न साधारण ४ अँपिअर खातो, जोडी लावली तर ८. हा करंट थेट बटणातून नेला तर तो कुठून कुठून जातो बघा: ब्रश, रिंग, पत्ती, हब, शाफ्ट, बेअरिंग, कॉलम, कॉलमचे बोल्ट, मग चेसिस. या वाटेवर रंग आहे, ग्रीस आहे, गंज आहे. सगळं मिळून अर्धा ओहम रोध धरला तरी एका हॉर्नला पावणेदोन व्होल्ट कमी मिळतात आणि जोडीला तर तब्बल तीन. १२ चे ९ झाले की हॉर्न वाजत नाही, कण्हतो.

रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) मात्र दीडशे-दोनशे मिलीअँपिअर पुरतात. त्याच अर्ध्या ओहमवर आता एक दशांश व्होल्टच पडतो, किंवा त्याहून कमी. बटणाच्या पत्तीवर ठिणगीही नावापुरती उडते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते. जड करंट बॅटरीकडून रिलेतून सरळ हॉर्नला जातो, स्टेअरिंगकडे फिरकतही नाही. रिले म्हणजे उगाच वाढीव खर्च असं सांगणारा कुणीतरी गावात भेटतोच. त्याचं ऐकू नका.

सामान

१२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचं सॉकेट. ब्लेड फ्यूजचा होल्डर, एका हॉर्नला १० आणि जोडीला १५ अँपिअरचा फ्यूज. कॉइलच्या वाटेसाठी आणखी एक छोटा होल्डर आणि ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज. जड वाटेसाठी २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो केबल, बटणाच्या वाटेसाठी १ चौरस मिलिमीटरची. लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे), स्लीव्ह, केबल टाय, नालीदार फ्लेक्झिबल पाइप, बारीक पॉलिश पेपर. हे सगळं पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत एका फेरीत मिळतं. मल्टिमीटर नसेल तर तापकीर गल्ली आहेच. सासवड, मंचर, दौंडच्या ऑटो इलेक्ट्रिकल दुकानांतही यातलं बहुतेक असतं. ब्रश आणि रिंग मात्र तुमच्या मॉडेलचीच हवी, जुना तुकडा खिशात घेऊन जा.

वायरच्या जाडीत कंजुषी नको. तीन मीटरच्या २.५ च्या वायरमध्ये ८ अँपिअरला जेमतेम पाव व्होल्टच्या आत तूट येते. तीच वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टहून जास्त जातो. घरातल्या वायरिंगमधली उरलेली एका तारेची कडक वायर तर अजिबात वापरू नका. इंजिनच्या थरथरीने ती लगच्या तोंडाशी मोडते, आणि मोडली हे वरून दिसतही नाही.

स्टेअरिंग उतरवणं

ट्रॅक्टर सपाट जागी, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढची चाकं सरळ. किल्ली बंद. बॅटरीची अर्थिंगची केबल आधी काढा. अंगठी आणि घड्याळ उतरवून ठेवा. बॅटरीपाशी पाना आणि अंगठी यांची गाठ पडली तर बोट भाजतं.

मधली टोपी कुठे नुसती दाबून बसवलेली असते, कुठे मागून स्क्रू असतात. ओढण्याआधी मागे बोट फिरवून बघा, नाहीतर प्लास्टिकचे कान तुटतात. टोपीखालची स्प्रिंग आणि पत्ती ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने कापडावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग मोठा नट. तो पूर्ण काढू नका, चार-पाच आटे सैल करून तिथेच ठेवा. हब आणि शाफ्ट दोन्हींवर पंचने किंवा रंगाने खूण करा, म्हणजे परत बसवताना स्टेअरिंग वाकडं येणार नाही.

आता पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावून ओढा. पुलर नसेल तर दोन्ही हातांनी रिम धरून डावी-उजवीकडे हलवत वर खेचा. सैल ठेवलेला नट याचसाठी: स्टेअरिंग एकदम सुटलं तर तोंडावर येत नाही. शाफ्टच्या डोक्यावर घण घालायचा मोह होतो, तो आवरा. आटे बसतात, आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तो धक्का खाली हायड्रॉलिक युनिटपर्यंत पोचतो. त्या दुरुस्तीच्या बिलापुढे पुलरची किंमत काहीच नाही.

रिंग, ब्रश आणि शाफ्टचं अर्थिंग

या टप्प्यावर वेळ घाला. बाकी वायरिंग कोणीही करील.

रिंग काळी पडलेली असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेत हलकेच घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. जाड खरवडीचा पेपर नको, त्याच्या रेघा ब्रश खाऊन टाकतात. रिंगवर खोल खाच पडली असेल तर बदला. ब्रश स्प्रिंगवर मोकळा वर-खाली होतोय का बघा. धूळ आणि ग्रीसचा लेप बसून तो जागीच अडकतो, आणि मग स्टेअरिंग एका बाजूला असताना हॉर्न वाजतो, दुसऱ्या बाजूला नाही. रिंगवर ग्रीस लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. आपल्याकडच्या शेतात, जिथे पाचटाचा भुसा आणि काळी धूळ सतत उडत असते, तिथे त्या ग्रीसची पेस्ट होते. मी रिंग कोरडीच ठेवतो.

आता मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो लक्षात ठेवा, तो वजा करायचा आहे. मग एक टोक शाफ्टच्या उघड्या लोखंडावर आणि दुसरं चेसिसच्या स्वच्छ बोल्टवर. आकडा १ ओहमच्या आत हवा. स्टेअरिंग तात्पुरतं अडकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि आकड्यावर नजर ठेवा. तो उड्या मारत असेल तर शाफ्ट नायलॉनच्या बुशवर फिरतोय, खाली रबरी कपलिंग आहे, किंवा कॉलमच रबरी माउंटवर बसलाय.

उपाय कारणाप्रमाणे. रबरी कपलिंग असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांमध्ये तांब्याची विणलेली पट्टी टाका, थोडी सैल, म्हणजे कपलिंग वळताना ती ताणत नाही. कॉलम रबरावर असेल तर कॉलमपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर. बुश नायलॉनचा असेल तर कॉलमच्या तोंडाशी स्प्रिंगसारखी पितळी पट्टी अशी आवळा की ती फिरत्या शाफ्टला सतत टेकून राहील. अर्थिंगची वायर बसवण्याआधी त्या जागचा रंग पूर्ण खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, बोल्ट आवळा, आणि वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा. रंगावर आवळलेला बोल्ट पावसाळ्यापर्यंत चालतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर हॉर्न बंद पडल्याच्या तक्रारी येतात, त्यात हे कारण हमखास.

रिलेच्या पिना

रिलेच्या पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली जाड वायर मोठ्या फ्यूजमधून ३० वर. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून चेसिसला लागली तर तिला थांबवणारं कोणीच नसतं. ८७ वरून तशीच जाड वायर हॉर्नच्या एका टोकाला, हॉर्नचं दुसरं टोक चेसिसला. जोडी असेल तर दोन्ही हॉर्नना ८७ वरून वेगवेगळ्या वायरी द्या आणि अर्थिंगही वेगळं.

८६ ला किल्ली चालू केल्यावरच येणारा पॉझिटिव्ह, छोट्या फ्यूजमधून. तो कुठून घ्यायचा हे टेस्ट लॅम्पने ठरवा: किल्ली बंद असताना दिवा विझलेला आणि चालू असताना पेटलेला, अशी वायर हवी. स्टार्टरची वायर धरू नका. आणि ८५ वरून बारीक वायर कॉलमवरच्या ब्रशपर्यंत. झालं. बटण दाबलं की ८५ ला अर्थिंग मिळतं, कॉइल खेचते, ३० आणि ८७ जोडले जातात.

पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७-ए पिन रिकामी सोडा. ती रिले शांत असतानाच ३० ला जोडलेली असते. हॉर्नची वायर चुकून तिथे गेली तर फ्यूज घालताक्षणी हॉर्न सुरू होतो आणि बटण दाबल्यावर बंद! डायोडवाला रिले असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह हे काटेकोर पाळा.

रिले डॅशबोर्डच्या आत, पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. वायरी फ्लेक्झिबल पाइपमधून न्या, सायलेन्सरपासून लांब, क्लच-ब्रेकच्या रॉडपासून लांब. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. कॉलमजवळची वायर स्टेअरिंगच्या फिरत्या भागाला कुठेच शिवता कामा नये. तिचं इन्सुलेशन घासलं की बटण न दाबता हॉर्न वाजतो, आणि तो नेमका भर बाजारात वाजतो. जोड पिळून वर टेप गुंडाळण्यापेक्षा लग क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. उन्हाने टेपचा डिंक वितळतो आणि वर्षभरात टेप नुसता लोंबत असतो.

हॉर्न कुठे बसवायचा

पुढे, पण रेडिएटरच्या वाऱ्याच्या आड नाही. तोंड थोडं खाली झुकलेलं, पाणी आणि भुसा आत राहू नये म्हणून. हॉर्नसोबत येणारी पोलादी पट्टीच वापरा. ती थोडी लवचीक असते आणि आवाजासाठी तिची थरथर लागते. हॉर्नची कड बॉनेटला किंवा ग्रिलला टेकली की आवाज फाटतो. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, आवाज जमवण्यासाठी. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, वाजवून बघा, मगच पुढे.

चाचणी आणि दोष शोधणं

स्टेअरिंग खुणेवर बसवा, नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा. बॅटरीची अर्थिंगची केबल सगळ्यात शेवटी जोडा. किल्ली चालू करून बटण दाबा. मग बटण दाबून ठेवून स्टेअरिंग पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवा, मध्ये आवाज तुटायला नको. पुन्हा तसंच, पण बटण न दाबता. एकदाही वाजायला नको. उभ्या ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरवायला जड जातात, म्हणून ही दुसरी फेरी मैदानात सावकाश चालवत केली तरी चालते.

वाजलाच नाही तर कान रिलेकडे लावा. बटण दाबल्यावर टक् आवाज येतो का? एवढ्या एका प्रश्नाने निम्मा ट्रॅक्टर बाजूला पडतो. टक् येतो म्हणजे बटण, ब्रश, शाफ्ट सगळं ठीक. दोष मोठ्या फ्यूजमध्ये, ३०-८७ च्या वायरीत, हॉर्नमध्ये किंवा हॉर्नच्या अर्थिंगमध्ये. हॉर्न सुटा काढून बॅटरीवर थेट दोन वायरींनी वाजवून बघा. टक् येत नाही तर ८५ ची पिन एका वायरने चेसिसला टेकवा. आता वाजला, तर दोष ८५ च्या वायरीत, ब्रश-बटणात किंवा शाफ्टच्या अर्थिंगमध्ये. तरीही नाही, तर ८६ ला पॉझिटिव्ह येतोय का ते टेस्ट लॅम्पने बघा, आणि छोटा फ्यूजही.

वाजतो पण मरगळलेला: हॉर्न वाजत असतानाच त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. इंजिन बंद आणि बॅटरी भरलेली असेल तर ११ च्या वर हवेत. कमी दिसले तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं हॉर्नच्या अर्थिंगच्या टोकावर ठेवून पुन्हा वाजवा. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर अर्थिंग खराब. इथे काही नसेल तर पॉझिटिव्हच्या बाजूने असंच मोजत जा.

स्टेअरिंगमध्ये सोयच नसेल तर

बऱ्याच ट्रॅक्टरांच्या स्टेअरिंगमध्ये रिंग-ब्रश मुळातच नसतो, मधे नुसती कंपनीची टोपी असते. अशा वेळी लोक शाफ्टला भोक पाडतात किंवा टेलिफोनच्या गुंडाळीसारखी वायर कॉलमपासून रिमपर्यंत लावतात. दोन्ही धोक्याचं. शाफ्टला भोक म्हणजे मोडायला निमंत्रण, आणि गुंडाळी वळणांत कॉलमला विळखा घालते. त्यापेक्षा दुचाकीचं हॉर्न बटण घ्या आणि पट्टी वाकवून कॉलमच्या डाव्या बाजूला असं बसवा की रिम न सोडता अंगठा पोचेल. उजवा हात हायड्रॉलिकच्या लिव्हरवर आणि हातातल्या अॅक्सिलरेटरवर जात असतो, म्हणून डावीकडे. वायरिंग तेच: एक टोक ८५ ला, दुसरं चेसिसला. माझ्या मते जुन्या ट्रॅक्टरसाठी हाच जास्त भरवशाचा मार्ग आहे. झिजणारा ब्रशच नाही.

आता एवढी चांगली वायरिंग झाली की पोरांना त्यावर सुरावटीचा हॉर्न हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम अशा एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो, आणि तो ट्रॅक्टरलाही लागू आहे. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला, किंवा हॉर्नबंदीच्या जागी वाजवला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. शिवाय असे हॉर्न कंप्रेसरसकट २० अँपिअरपर्यंत खाऊ शकतात. मग कोणीतरी मोठा फ्यूज टाकतं, आणि तुम्ही मापून घातलेली वायर फ्यूजच्या आधी जळते. फ्यूज होल्डरवर मार्करने आकडा लिहून ठेवा, आणि त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज आणि एक रिले टूलबॉक्समध्ये टाका.